सव्वा मिस्त्रीची हळू चाल

मिस्त्रीला सगळे 'सव्वा' म्हणायचे. उंचीवरून नाही आणि नाकावरूनही नाही. इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या कार्ब्युरेटरवर हवेचा एक छोटा स्क्रू असतो. तो आधी पूर्ण मिटवायचा आणि मग थोडा थोडा सोडत इंजिन कुठे खूश होतं ते शोधायचं, अशी जगाची रीत. हा माणूस शोधत बसत नसे. स्क्रू मिटवला, सव्वा फेरा सोडला, हात पुसले, झालं. कुणी तोंड उघडलंच तर ऐकवायचा, "सव्वा म्हणजे सव्वा. दीड करून बघ, स्वतःच ढकलत परत येशील."

त्याच्याकडे यायच्या त्या जुन्या तीनचाकी रिक्षा. पाणी नको, रेडिएटर नको, एका सिलिंडरचं, पंख्याच्या हवेवर थंड होणारं इंजिन. त्याच्या हातची रिक्षा जागेवर उभी असली की ठोके मोजता येत. टप. टप. टप. मधल्या वेळात एखाद्याने जांभई देऊन घ्यावी इतके सावकाश. स्टँडवरचे म्हणायचे, "सव्वाच्या गाड्या उभ्या राहिल्या की घोरतात." तो ते कौतुक म्हणून घ्यायचा. इतकी हळू चाल बसवून दाखवणारा दुसरा मिस्त्री आसपास नव्हता हे खरंच होतं. आणि इतकी हळू चाल बसवायची गरजही दुसऱ्या कुणाला नव्हती.

गरज त्याला होती. दुकान म्हणजे एकच लांबट खोली, मध्ये प्लायवूडची भिंत. भिंतीच्या अलीकडे इंजिनं, पलीकडे त्याची बायको. तिच्या डोक्यात कसलंसं दुखणं बसलं होतं. आवाज झाला की तिला कवटीत कुणी खिळा ठोकतंय असं व्हायचं. अकरा वर्षं ती त्या खोलीत पडून होती. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या, गुण काही आला नाही. आवाज तेवढा बदलणं त्याच्या हातात होतं, तो त्याने बदलला. लोखंडी हातोडी गेली, रबराची आली. जमिनीवर पोती अंथरली, म्हणजे पाना हातातून सुटला तरी खणखणू नये. दाराच्या फटीत जुन्या कांबळ्याची गुंडाळी. ज्याला लोखंडावर काम करायचं आहे आणि आवाज मात्र करायचा नाही, त्याने दिवस कसे काढले असतील, हे कचेरीत पंख्याखाली बसून कागदांवर ठप्पे मारणाऱ्यांनी विचारूच नये.

रिक्षावालेही गल्लीत शिरताना हॉर्न वाजवत नसत. आत येऊन कुजबुजत बोलायचे. जाताना भिंतीकडे बघून हळूच म्हणायचे, "वहिनी, येतो." भिंत कधी कधी "हं" म्हणायची.

पाच महिन्यांपूर्वी ती गेली. तिला पोचवून आला त्याच्या दुसऱ्या सकाळी त्याने दुकान उघडलं. लोक म्हणाले, काळजाचा घट्ट आहे. घट्ट वगैरे काही नव्हतं. मेव्हणी रोज दुपारी फोन करायची. "भाऊजी, जेवलात?" "हो." "काय जेवलात?" मग तो ताटाकडे बघून सांगायचा, कारण बघितल्याशिवाय त्याला आठवायचं नाही. पोती तशीच होती. रबरी हातोडी तशीच होती. दाराची गुंडाळी तो रोज सकाळी पायाने सरळ करायचा. का करतोस म्हणून कुणी विचारलं नाही आणि त्यानेही स्वतःला विचारलं नाही.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला गल्लीत शिव्या आधी आल्या आणि रिक्षा मागून आली. शिव्या देणारी स्वतःच ती ढकलत होती. स्टँडवर तिला 'नवी' म्हणत. येऊन आठ महिने झाले तरी नवीच. भावाने टाकलेली गाडी आणि परवाना तिने स्वतःच्या नावावर करून घेतला होता. रांगेत जागा मिळावी म्हणून तीन महिने भांडली होती. जागा मिळाली, पण रांगेतल्या गप्पांत तिला कुणी जागा दिली नाही.

"मिस्त्रीकाका!" ती ओरडली. सवयीने त्याने भिंतीकडे बघितलं.

"हळू बोल."

"काल पहिल्यांदा नापास केली तेव्हा हळूच बोलले! आज दुसऱ्यांदा नापास केली. धूर तपासणीत नळी घातली की मशीनचा आकडा सातावर. साडेचारच्या आत पाहिजे. आणि वर दोनदा बंद पडली, तिथेच, सगळ्यांच्या देखत. तो तपासनीस म्हणतो, बाई, आधी गाडी जागी करून आणा."

"माझ्या गाड्या बंद पडत नाहीत."

"ही तुमचीच गाडी आहे! परवा पहिल्यांदाच आणली, तुम्हीच केलीत!"

"चाळीस गाड्या आहेत माझ्याकडे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, रस्ता सांगावा तसं सांगत होता. "अकरा वर्षांत एकाची तक्रार नाही."

"मग मी पहिली. लिहून ठेवा." तिने कागद त्याच्यासमोर धरला. "तीन संधी देतात. दोन गेल्या. तिसरी आज, पाचच्या आत. आज नापास झाली तर परवाना रद्द. या जुन्या गाड्यांचे परवाने नवे देत नाहीत आता, माहितीये ना? माझा भाऊ वाटच बघतोय, दोन महिन्यांत परत आणशील म्हणाला होता. आठ महिने काढलेत मी. आज पाचला मी त्याच्या दारात जाणार नाही, एवढंच सांगते."

तो खाली बसला. काम करायला बसला की त्याचे हात आपोआप चालत, बाकीचा माणूस कुठेही असला तरी. प्लग काढला, काजळीने काळाकुट्ट. पुसला. ठिणगीच्या पॉइंटची फट बघितली, ठीक. व्हॉल्व्हचे टॅपेट बघितले, ठीक. हवेची जाळी झटकली. हे सगळं जागेवर असेल तरच कार्ब्युरेटरला हात लावायचा, दुसऱ्याचं पाप त्याच्या डोक्यावर घालायचं नाही, हे त्याला त्याच्या उस्तादाने कानफटात मारून शिकवलं होतं. मग ती दहा मिनिटं गाडी फिरवून इंजिन तापवून आली. मग हवेचा स्क्रू मिटवला. सव्वा फेरा सोडला. मग दुसरा, इंजिनाचा वेग कमीजास्त करणारा चालीचा स्क्रू हळूहळू उतरवत आणला. टप. टप. टप.

"बघ," तो म्हणाला.

"काय बघू? ही रिक्षा आहे का अंगाई?" तिने हेडलाइटचा खटका दाबला. इंजिनाने एक आवंढा गिळला आणि मेलं.

त्याने पुन्हा चालू केलं. पुन्हा उतरवलं. या वेळी खटका न दाबताच बंद पडलं.

तो तिथेच उकिडवा बसून राहिला. बाकीच्या एकोणचाळीस गाड्या अशाच चालीवर रोज उन्हातान्हात फिरतात, सिग्नलला थांबतात, दिवे लावतात. मग हिलाच काय झालं? इंजिन झिजलं म्हणावं तर दाब चांगला होता. कुठून हवा चोरते म्हणावं तर सांधे घट्ट होते.

"अध्यक्षाची गाडी बघून येतो," तो म्हणाला. "तिचं इंजिन हिच्याच वयाचं. आठ दिवसांपूर्वी केलीय."

अध्यक्ष म्हणजे स्टँडवरचा सगळ्यात जुना रिक्षावाला. निवडून कुणी दिलं नव्हतं, पण भांडण झालं की सगळे त्याच्याच तोंडाकडे बघायचे. स्टँड गल्लीपासून दोन चौक लांब. मिस्त्री तिथे अकरा वर्षांत गेला नव्हता. आधी बायकोला सोडून जाता येत नव्हतं, आणि नंतर जायचं काही कारण उरलं नव्हतं. गाड्याच त्याच्याकडे यायच्या.

स्टँडवर सहा रिक्षा रांगेत होत्या. पुढच्या तीन चालू होत्या. त्याला त्या लांबूनच ऐकू आल्या आणि पहिल्यांदा वाटलं, या दुसऱ्या कुणाच्या असतील. भडभडभडभड. कुणी घोरत नव्हतं. सगळ्या टक्क जाग्या.

तो कुणाशी न बोलता पहिल्या, अध्यक्षाच्या रिक्षाच्या मागे गेला, झाकण उचललं, आत हात घातला. चालीचा स्क्रू त्याने लावून दिला होता त्यापेक्षा चांगला अर्धा-पाऊण फेरा वर होता. त्याने मान वाकवून बघितलं. स्क्रूची खाच कडेने खाऊन चकचकीत झाली होती. ही खाच त्याने शंभरदा पाहिली होती. आपल्याच स्क्रूड्रायव्हरने झिजली असं धरून चालला होता. पण स्क्रूड्रायव्हरने खाच मधून झिजते. ही दोन्ही टोकांना झिजली होती, रुंद, गोलसर. नाण्याने झिजते तशी.

दुसरीचं झाकण उचललं. तशीच. तिसरी. तशीच.

"अरे सव्वा, तू इकडे?" अध्यक्ष चहाचा पेला ठेवून उठला. मिस्त्रीच्या मागोमाग नवीही येऊन उभी राहिली होती.

"हे कोण फिरवतं?" मिस्त्रीने विचारलं.

सगळे अध्यक्षाच्या तोंडाकडे बघायला लागले.

"अध्यक्ष, तुझी गाडी आहे. कोण फिरवतं?"

"मीच," अध्यक्ष म्हणाला. मग पायाशी बघून, "सगळेच."

"कधीपासून?"

"आता कधीपासून म्हणून... पहिल्याच वर्षापासून म्हण. तू हळू लावून द्यायचास. वहिनींसाठी, कळत होतं आम्हाला. पण त्या चालीवर सिग्नलला गाडी मरते रे. पंखाही सावकाश फिरतो, इंजिन तापतं. मग काय करणार? गल्लीच्या तोंडाशी आलं की थांबायचं, नाणं घालायचं, अर्धा फेरा वर. हवेचा स्क्रूही थोडा सोडायचा. आणि पुन्हा तुझ्याकडे यायचं असलं की तिथेच थांबून परत खाली. तुला कळू नये म्हणून."

"अकरा वर्षं."

"मग तुला सांगायचं काय? की बाबा, तुझं काम चुकतंय? आत ती तशी पडलेली असताना?"

"आणि आता? पाच महिने झाले."

"आता तर अजूनच कसं सांगणार?" अध्यक्षाने मान खाजवली. "हाताला सवय झाली. तुझ्याकडून निघालं, थांबलं, नाणं घातलं. कुणी विचारच केला नाही."

मिस्त्री ऐकत होता. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर आपण गालाला बोट लावून बघतो, आपलाच आहे का म्हणून, तसं तो स्वतःला आतून चाचपत होता. इथे राग लागायला पाहिजे होता. इथे लाज. शहरात एक नंबरची हळू चाल आपली, हे एवढं एकच त्याच्याकडे स्वतःचं म्हणून उरलं होतं, आणि ते कधी नव्हतंच. बोट लागत होतं, दुखत नव्हतं.

राग आला तो नवीला. "आणि मला?" ती म्हणाली. "मला का नाही सांगितलंत? एकोणचाळीस जणांना माहीत, आणि मी दोनदा नापास होऊन आले! तुमच्यासमोरून ढकलत नेली मी ती सकाळी. हसत होतात!"

"तू विचारलं नाहीस," मागून एक जण पुटपुटला.

"काय विचारू? नाणं कुठे घालू म्हणून? चहाला कधी हाक मारलीत मला, म्हणजे विचारणार? मी आले की तुम्हा सगळ्यांना एकदम आभाळ बघायचं असतं!"

"आम्हाला वाटलं, कुणीतरी सांगितलं असेल," अध्यक्ष म्हणाला. ते खरं होतं. एकोणचाळीस जणांना तेच वाटलं होतं. इतक्या जणांना एकच गोष्ट वाटली की ती करायला एकही माणूस उरत नाही, हे कुठल्याही सभेत बघायला मिळतं.

"वाजले किती?" मिस्त्रीने विचारलं.

"सव्वादोन."

"चल."

दुकानात परत आल्यावर त्याने गाडी पोत्यांवर घेतली आणि खाली बसला. करायचं काय ते त्याला स्वच्छ माहीत होतं. इंजिनाला अगदी सावकाश चालवायचं तर पेट्रोल जास्त पाजावं लागतं, हवा कमी द्यावी लागते. तेच जास्तीचं पेट्रोल अर्धवट जळून मशीनवर सातचा आकडा होऊन निघतं. त्यावर उपाय एकच. चाल वर घ्यायची, हवा सोडायची. कोणताही शिकाऊ करेल असं काम.

त्याने चालीचा स्क्रू आत फिरवला. इंजिन वर चढलं, प्लायवूड थरथरायला लागलं. हात उलटा फिरला. इंजिन पुन्हा टप, टप.

"वाढवा ना," नवी म्हणाली.

"वाढवतोय."

पुन्हा वर. भिंत थरथरली. पुन्हा हात उलटा.

"काका, तुम्ही वाढवत नाही आहात. वाढवता आणि काढून घेता. हात बघा तुमचा."

त्याने हाताकडे बघितलं. हात स्क्रूड्रायव्हर धरून होता, बाकी काही सांगत नव्हता. नवीने एकदा त्याच्याकडे, एकदा भिंतीकडे बघितलं. खालच्या आवाजात म्हणाली, "मी फिरवू? दाखवा फक्त कुठला."

"नाही. चुकवशील." तो उठला. स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. "इथे नको. तिथे जाऊन करू. नाहीतरी इंजिन तापलेलंच पाहिजे."

तपासणीच्या आवारात पंधरा गाड्या त्यांच्या पुढे होत्या. पत्र्याची शेड, एक मशीन, एक तपासनीस, आणि प्रत्येक जण आपली गाडी चालू ठेवून उभा, कारण बंद केली तर ऐन वेळी दगा देईल अशी भीती. ट्रक होता, दुचाक्या होत्या, कुणाचा सायलेन्सर फाटलेला. कानाशी तोंड नेल्याशिवाय बोलणं कळत नव्हतं. मिस्त्री रिक्षाच्या मागे जमिनीवर बसला. अंगाखाली पोतं नव्हतं.

त्याने चाल वर घेतली. या गदारोळात ती वाढलेली कळलीसुद्धा नाही. हात मागे आला नाही. मग हवेचा स्क्रू. सव्वावरून हळूहळू सोडायला लागला. दीड. इंजिन थोडं चढलं. पावणेदोन. अजून चढलं. त्याने डोळे मिटले आणि तळहात इंजिनाच्या पत्र्यावर ठेवला. एवढ्या आवाजात कानाचा भरवसा नव्हता, थरथर मात्र हाताला कळते. दोन. दोनच्या किंचित पुढे इंजिन सगळ्यात मोकळं झालं, त्याच्यापुढे अडखळायला लागलं. तो तिथून केसभर मागे आला. मग चाल बेताची खाली घेतली. अकरा वर्षांत असं एकदाही शोधलं नव्हतं, पण काही विसरला नव्हता.

"हेडलाइट लाव."

नवीने खटका दाबला. इंजिन हललं नाही.

"हॉर्न पण वाजव."

तिने वाजवला. इंजिन चालू राहिलं. पुढच्या ट्रकवाल्याने मागे वळून शिवी दिली. नवीने त्याला परत दिली, जरा मोठी.

पाचला वीस मिनिटं असताना त्यांचा नंबर लागला. तपासनिसाने सायलेन्सरमध्ये नळी खुपसली आणि मशीनवरच्या आकड्यांकडे बघत उभा राहिला. नवी मूठ आवळून उभी. आकडा वर जायला लागला. दोन. अडीच. तीन. तीन पूर्णांक दोन दशांश. तिथे थांबला, जरा हलला, पुन्हा तिथेच. तपासनिसाने मनात तीस मोजेपर्यंत नवीने श्वास घेतला नाही.

"पास," तो म्हणाला. मग मिस्त्रीच्या काळ्या हातांकडे बघून, "तुम्हीच केली का? मग आधी दोनदा अशी का पाठवलीत? बाईला हेलपाटे."

"घरात आजारी माणूस होतं," मिस्त्री म्हणाला. "आवाज चालायचा नाही."

"आता बरं आहे का?"

"नाही." हे त्याला आजवर कुणाला सांगावंच लागलं नव्हतं. त्याच्या गल्लीत, स्टँडवर, फोनवर, सगळ्यांना आधीच माहीत असायचं. "माझी बायको. ती गेली."

"अरेरे," तपासनीस म्हणाला, आणि ठप्पा शाईत बुडवून कागदावर मारला. "सही इथे करा बाई. पुढची गाडी!"

निघताना नवीने कागद घडी करून ब्लाउजात खोचला, पुन्हा काढून बघितला, पुन्हा खोचला. गाडी रस्त्याला लागली. समोर बघतच ती म्हणाली, "उद्या त्या अध्यक्षाच्या डोक्यावर हा कागद आपटते की नाही बघा."

"आपट."

"आणि बाकीच्या एकोणचाळीस?"

"आणायला सांग. एक एक."

"दुकानात?"

मागच्या सीटवर तो मधोमध बसला होता, दोन्ही हात मांडीवर पालथे. सिग्नलला ती थांबली. समोर लाल दिव्याखाली आकडे उलटे उतरत होते, नव्वद, एकोणनव्वद. इंजिन चालत होतं. तो साठपर्यंत ते बंद पडायची वाट बघत राहिला. मग वाट बघायचं सोडून दिलं.

पुढच्या वळणावर दोन पिशव्या घेतलेल्या एका बाईने हात केला. नवीने आरशातून मिस्त्रीकडे बघितलं. मग गाडी कडेला घेतली. बाईने पिशव्या आधी आत ढकलल्या आणि स्वतः वाकून आत बघितलं.

"सरका ना जरा," ती म्हणाली.

तो सरकला.